घाटाखालचा रावस

सातारा-सांगलीकडच्या हौशी मासेमारांत एक वाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. कोकणातल्या खाड्यांत रावस पूर्वीसारखा गळाला लागत नाही, तो का? कोणी कोयनेच्या अवजलाकडे बोट दाखवतो, कोणी लोट्याच्या कारखान्यांकडे, कोणी रत्नागिरीच्या पर्ससीनकडे. सुरमई-रावसाच्या जोडीला अलीकडे भाकसाचेही नाव घेतले जाते, कारण परदेशातले नातेवाईक हॅलिबटचे फोटो पाठवतात आणि आपल्याकडेही तसे काही मिळते का, असा प्रश्न पडतो. या सगळ्या बाजू एकत्र मांडून आज चित्र कसे दिसते, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यांचा समुद्र

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना किनारा नाही. पण सातारा जिल्ह्याचे पाणी दोन वाटांनी अरबी समुद्राला मिळते. पहिली वाट निसर्गाची. महाबळेश्वरच्या पठारावर उगम मानल्या जाणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत जाते. दुसरी वाट माणसाने काढली. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवून त्यावर वीज केली जाते आणि ते पाणी, म्हणजे अवजल, पुढे वाशिष्ठीत सोडले जाते. कोयना प्रकल्पाचे पहिले जनित्र १९६२ साली सुरू झाले. तेव्हापासून चिपळूणची वाशिष्ठी पूर्वीची राहिलेली नाही.

माणसांच्या वाटाही जवळपास याच. कराड-पाटणकडचे लोक कुंभार्ली घाटाने चिपळूण-गुहागरला जातात, सातारा-वाईकडचे आंबेनळीने महाडकडे, सांगली-मिरजेचे बहुतेक आंबा घाटाने रत्नागिरीला. रात्री निघायचे, पहाटेची भरती गाठायची आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, हा शिरस्ता.

घरच्या नद्या सोडून ही मंडळी एवढ्या लांब का जातात, त्याला कारणे आहेत. कृष्णा-कोयनेत खडशी, म्हणजे महाशीर, एकेकाळी गळाचा मोठा मान होता. त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुणे परिसरातल्या नमुन्यांवरून केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकट्या कोयना नदीत माशांच्या ५८ जाती नोंदल्या गेल्या, म्हणजे नदी अजून रिकामी झालेली नाही. पण धरणांचे जलाशय मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो आणि तिथे गळ टाकणे म्हणजे गुन्हा. सांगलीजवळ कृष्णेच्या काठावर मगरींचा वावर आहे. औदुंबर-भिलवडीच्या बाजूला संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसण्याची सवय लोकांनी सोडली. मार्च २०२३ मध्ये सांगली-अंकली परिसरात मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा उरलेला उत्साहही मावळला. चिलापी मात्र सगळीकडे मिळते. चिलापीसाठी कोणी महागडे रीळ घेत नाही.

कोणता रावस आणि कोणता भाकस

बाजारात रावसाला इंडियन सॅमन आणि भाकसाला इंडियन हॅलिबट म्हणून विकले जाते. त्या नावांमुळे अपेक्षा भलत्या होतात, म्हणून एवढे स्पष्ट करून पुढे जाऊ: सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. रावसाचे तसे काही नाही. तो उथळ, गाळाच्या किनाऱ्याचा मासा आहे. कोळंबी आणि छोट्या माशांच्या मागे तो खाडीत शिरतो आणि पाणी फार गोडे झाले की बाहेर पडतो.

रावसाची शरीररचना त्याच्या जागेला साजेशी आहे. डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो आणि छातीच्या परांखाली चार मोकळे धागे. गढूळ पाण्यात भक्ष्य शोधताना तो या धाग्यांचा स्पर्शासाठी उपयोग करतो. त्यामुळे अगदी नितळ पाण्यापेक्षा किंचित गढूळ पाण्यात, वाहत्या धारेच्या कडेला तो जास्त लागतो. जुने गरवणारे जिवंत कोळंबी किंवा लहान बोय लावतात. नवे लोक रबरी शेपटीचे लूर वापरतात, त्यांच्या शेपटीच्या थरथरीवर रावस येतो.

या माशाची आणखी एक गोष्ट पुढच्या वादात महत्त्वाची ठरते. रावस आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. जिताडाही तसाच. म्हणजे खाडीत लहान रावस मारले तर नर कमी होतात आणि मोठे मारले तर अंडी घालणाऱ्या माद्या.

भाकसाचे प्रकरण वेगळे. तो चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, पण लेपीसारखा गरीब नव्हे. तोंड मोठे, दात अणकुचीदार, खाणे मुख्यतः मासे. लांबी साधारण हातभर. प्रशांत महासागरातला हॅलिबट दोन मीटरच्या पुढे जातो, त्याच्याशी याची तुलना करू नये. आपल्याकडे भाकस येतो तो बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यात, इतर माशांसोबत. किनाऱ्यावरून किंवा जेटीवरून त्याच्यासाठी म्हणून गळ टाकणे व्यर्थ आहे. होडी घेऊन वाळू-चिखलाच्या तळावर आमिष टेकवून ठेवले तरच संधी, आणि तीही बेभरवशाची. भाकसासाठी सांगलीहून रत्नागिरीला जाणाऱ्याने सोबत ढोमा-शिंगाळ्यावर समाधान मानायची तयारी ठेवावी.

गळाचे खरे राजे म्हणजे जिताडा आणि तांबोशी. खाडीतल्या कांदळवनाच्या मुळांशी, पुलांच्या खांबांशी हे दबा धरून असतात. खडपांवर हेकरू, बाहेरच्या पाण्यात सुरमई आणि तोवर. रावस या सगळ्यांच्या मधला आहे. किनाऱ्यावरून मिळू शकतो, पण नेमका कधी, ते सांगता येत नाही.

हंगाम, वारा, तिथी

पावसाळ्यात किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नाही, धोका मात्र आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना बंदी असते. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला ती लागू होत नसली तरी लाटा कायदा पाहत नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात. भाद्रपद-आश्विनात नद्यांचा गाळ अजून खाली बसलेला नसतो आणि खाडीच्या मुखाशी गोड्या-खाऱ्या पाण्याची ठळक सीमारेषा दिसते. त्या रेषेवर कोळंबी असते, म्हणून रावसही असतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा रावसाचा मुख्य काळ, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस तळाचे थंड आणि कमी प्राणवायूचे पाणी वर सरकते, हे समुद्रशास्त्रज्ञांनी गोव्यासमोर वर्षानुवर्षे मोजले आहे. तळावरचे मासे अशा वेळी उथळ पाण्यात दाटतात, असा तर्क केला जातो. आश्विनात एखाद्या दिवशी अचानक ढोमा-शिंगाळ्यांची झुंबड उडते, तिचे हे एक संभाव्य कारण.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारे सुटतात, पाणी सपाट राहते. दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि खडपावर उभे राहणे अवघड होते. म्हणून पहाटे पाच ते दहा ही वेळ. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी नितळ होते. तेव्हा लूरवर जिताडा आणि खडपावरचे मासे बरे लागतात, रावस विरळ होतो. एप्रिल-मेमध्ये खाडीत पुन्हा हालचाल वाढते, पण तेव्हा चक्रीवादळांची टांगती तलवार असते. २०२० च्या जूनमधले निसर्ग आणि २०२१ च्या मेमधले तौक्ते, दोन्ही याच किनाऱ्याने अनुभवले.

भरतीसाठी मोबाइलवर तक्ते आले आहेत, तरी तिथीचे गणित अजून उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रत्नागिरी-दाभोळकडे ती थोडी अलीकडे येते, आणि खाडीत जसजसे आत जावे तशी उशिरा. घाटावरून येणारे नेमके इथेच चुकतात. दाभोळच्या मुखाची वेळ धरून ते गोवळकोटला पोहोचतात आणि पाणी अजून चढतेच आहे असे पाहून चहा घेत बसतात. उधाणात पाणी जोरात धावते आणि गढूळ होते, भांगाच्या भरतीत संथ राहते. रावस चढत्या पाण्याच्या अखेरीला आणि उतरत्या पाण्याच्या पहिल्या तासात, हा सर्वसाधारण अनुभव.

चार खाड्या

बाणकोटची खाडी साताऱ्याला सर्वांत जवळची. पण महाडच्या रासायनिक वसाहतीमुळे आणि वाळूउपशामुळे तिचा वरचा भाग गळ टाकणाऱ्यांनी जवळजवळ सोडला आहे. खाली हरिहरेश्वर-वेळासच्या बाजूला परिस्थिती बरी.

जयगडला शास्त्री नदी मिळते. मुख खोल आहे, खडप आहे. बंदर आणि वीज प्रकल्प आल्यापासून काही जागा बंद झाल्या, तरी तवसाळच्या बाजूने हेकरू-तांबोशीसाठी लोक येतात. रत्नागिरीची भाट्ये खाडी सांगलीकरांची. आंबा घाटाच्या पायथ्याचे पाणी काजळी नदीतून तिथेच येते. जागा सोपी, म्हणून गर्दीही तिथेच.

पण वादाचे मूळ आहे दाभोळच्या खाडीत. चिपळूणच्या गोवळकोटपासून दाभोळ-अंजनवेलच्या मुखापर्यंत चाळीसेक किलोमीटर पसरलेली ही खाडी. बाजूने खेडची जगबुडी येऊन मिळते. काठावर भोई आणि इतर मच्छीमार समाजाची गावे आहेत, मुखाशी नैसर्गिक वायूचा टर्मिनल आहे आणि वर कोयनेचे अवजल. पुढचे तिन्ही मुद्दे मुख्यतः या एका खाडीभोवती फिरतात.

कोयनेचे पाणी: किती, केव्हा, कुठे

कृष्णा पाणीवाटपाच्या १९७६ च्या बच्छावत निवाड्याने कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवण्याची मर्यादा घातली. वर्षभर सारखे वाटले तर ते साधारण २,१०० क्युसेक होते. पावसाळ्यात वाशिष्ठीच्या पुरापुढे एवढे पाणी नगण्य. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तेव्हाच्या पाण्यापुढे तर त्याचा हिशेबच नको. पण डिसेंबर ते मे या काळात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आटतात. त्या दिवसांत वाशिष्ठी वाहते ती कोयनेमुळे.

शिवाय हे पाणी सारखे येत नाही. कोयनेचे सगळे टप्पे धरून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. त्यातला चौथा टप्पा एकटा १,००० मेगावॅटचा, आणि तो मुख्यतः विजेची मागणी चढते त्या वेळांसाठी. त्याच्यासाठी १३ मार्च १९९९ ला शिवसागराच्या तळाखाली लेक टॅपिंगचा स्फोट झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. वरून आलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात थांबते, तिथे पुन्हा वीज होते आणि मग ते खाली जाते. म्हणजे खाडीला मिळणारे गोडे पाणी काही प्रमाणात पुणे-मुंबईत दिवे कधी लागतात त्यावर ठरते.

याचा माशांवर काय परिणाम होतो, यावर तीन मते आहेत.

पहिले मत घाटावरच्या बऱ्याच गळ टाकणाऱ्यांचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उन्हाळ्यात, जेव्हा खाडी आतपर्यंत खारी व्हायला हवी, तेव्हाच गोडे पाणी येऊन रावसाला मुखाकडे ढकलते. पूर्वी गोवळकोटपर्यंत येणारा मासा आता खालीच थांबतो. त्यांचा तर्क रावसाच्या स्वभावाशी जुळतो. पण ‘पूर्वी’ म्हणजे १९६२ च्या आधी. त्या काळात तिथे गळ टाकलेला माणूस आज भेटणे कठीण. म्हणून ही तुलना प्रत्यक्ष अनुभवापेक्षा ऐकीव गोष्टींवर जास्त उभी आहे, असे मला वाटते.

दुसरे मत खाडीकाठच्या काही मच्छीमारांचे आहे. उन्हाळ्यात गोडे पाणी असल्यामुळे खाडी तुंबत नाही, कोळंबीच्या आणि जिताड्याच्या पिलांना निमखारे पाणी मिळते, आणि मुख्य म्हणजे वरून येणारी घाण पातळ होते. हे पाणी बंद झाले तर खाडी जास्त खारी होईल खरी, पण जास्त विषारीही होईल, असे ते म्हणतात.

तिसरी बाजू माशांविषयी बोलतच नाही, तरी माशांवर सर्वांत मोठा परिणाम तिचाच होऊ शकतो. समुद्राला मिळणारे हे अवजल वाया जाते, ते मुंबईला न्यावे किंवा कोकणातल्या सिंचनासाठी वापरावे, असे प्रस्ताव वेळोवेळी पुढे येतात. दुसरीकडे घाटावर पाणी पूर्वेला ठेवण्याचा आग्रह आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांत कृष्णा-कोयनेचे पाणी पोहोचवले. आटपाडी-कवठेमहांकाळच्या द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांना त्याची गरज असते ती नेमकी फेब्रुवारी ते मेमध्ये. याच महिन्यांत वाशिष्ठीत अवजल सर्वांत जास्त जाणवते. म्हणजे तासगावचा बागायतदार शनिवारी रॉड घेऊन गुहागरला गेला तर तो एकाच पाण्याचे दोन्ही टोकांचे गिऱ्हाईक असतो. त्याच्या बागेला जास्त पाणी मिळाले तर त्याची खाडी जास्त खारी होईल. रावसासाठी ते बरे की वाईट, यावर वरची दोन मते उलट दिशेला जातात.

माझा कौल असा: कोयनेचे पाणी रावस कुठे सापडेल ते ठरवते, किती सापडेल ते नाही. मासा खाली सरकला तर तो दाभोळला, अंजनवेलला मिळायला हवा. मुखाशीही तो कमी झाला असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

लोटे आणि मधला पट्टा

ते दुसरे कारण म्हणून सर्वांत आधी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे नाव येते. खेड तालुक्यातली ही वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. सामायिक प्रक्रिया केंद्रातून निघालेले सांडपाणी करंबवणेजवळ खाडीत सोडले जाते. खाडीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात आणि काठच्या मच्छीमारांची आंदोलनेही तितकीच जुनी आहेत. उद्योगांची बाजू अशी की प्रक्रिया केंद्र आहे, नियमन आहे, आणि प्रत्येक वेळी मासे मरण्यामागे कारखानेच असतात असे नाही. पाण्यातला प्राणवायू इतर कारणांनीही घटतो. मच्छीमारांचे उत्तर असे की नमुना घ्यायला अधिकारी येईपर्यंत भरती येऊन गेलेली असते.

या उत्तरात तांत्रिक तथ्य आहे. भरती-ओहोटीच्या पाण्यात सांडपाणी एका जागी राहत नाही. ओहोटीला खाली जाते आणि भरतीला पुन्हा वर येते. खाडीच्या मधल्या पट्ट्यात ते बराच काळ घुटमळत राहू शकते, विशेषतः वरून गोडे पाणी कमी असेल तेव्हा. म्हणून कोयनेचा आणि लोट्याचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. वीजनिर्मिती कमी असलेला आठवडा आणि मासे मेल्याची बातमी यांचा मेळ बसतो का, हे तपासणे अवघड नाही, कारण दोन्हींच्या तारखा नोंदलेल्या असतात.

वाळूउपशाचा मुद्दा थोडक्यात. सक्शन पंपांनी तळ खरवडला की कोळंबीची जागा जाते आणि पाणी कायम गढूळ राहते. रावसाला गढूळ पाणी चालते, पण कोळंबी नसली तर तो येणार कशाला?

जाळ्यांचा हिशेब

मुखाबाहेर चित्र बदलते. तिथे वाद पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन-ट्रॉलर यांच्यातला आहे, आणि गळ टाकणारे त्यात बघे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध आणले. मोसम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठरवला आणि परवान्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे धोरण घेतले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. अंमलबजावणीबद्दल किनाऱ्यावर समाधानी माणूस शोधावा लागतो. पर्ससीनवाल्यांचे म्हणणे आहे की आपण बांगडा-तारलीचे थवे धरतो, रावसाशी आपला संबंध किरकोळ. त्यातही तथ्य आहे.

ज्याच्याविषयी कमी बोलले जाते ते म्हणजे खाडीतली बारीक आसाची जाळी. बोकशीत कोळंबीबरोबर रावसाची बोटभर पिल्ले येतात. ती सुकटीत जातात किंवा फेकली जातात. ही जाळी लावणारा माणूस गरीब असतो, त्याच्यावर बोट ठेवायला कोणालाच आवडत नाही. पण रावसाचे लहानपण खाडीत जाते, आणि पिल्लेच संपली तर मुखाशी मोठे मासे येणार नाहीत. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकाराची मर्यादा अधिसूचित केली, त्यामागचा विचार हाच. ही मर्यादा मासळी उतरवण्याच्या जागी तपासता येते. बोकशीच्या टोपलीत ती तपासणार कोण, ते कोणी सांगितलेले नाही.

सोडायचा की खायचा

या प्रश्नावर हौशी मासेमारांतच दोन तट आहेत. सोडून देणाऱ्यांचे म्हणणे, आपण छंदासाठी येतो, पोटासाठी नव्हे. फोटो काढावा आणि मासा परत पाण्यात जावा. विरोधकांचे म्हणणे, खाण्यासाठी मासा धरणे समजते, पण त्याला दमवून, जखमी करून सोडणे हा कसला छंद? कर्नाटकात कावेरी अभयारण्यात महाशीर पकडून सोडण्याची शिबिरे वर्षानुवर्षे चालत. गळ टाकणे ही शिकारच, या अर्थाने ती बंद झाली आणि तेव्हापासून हा वाद देशभर आहे. शिबिरांच्या बाजूने एक युक्तिवाद असा होता की गळ टाकणाऱ्यांच्या वावरामुळे सुरुंगाने मासे मारणारे दूर राहत. त्याच नदीत लोणावळ्याच्या वळवण केंद्रात वाढवलेले आपल्याकडचे महाशीर सोडल्यामुळे तिथल्या मूळ जातीवर संकट आले, हेही नंतर समोर आले.

समुद्रात प्रश्न जातीगणिक बदलतो. जिताडा चिवट आहे. नीट हाताळला तर सुखरूप जातो. खोल पाण्यातून वर ओढलेल्या घोळीचे बोत फुगते आणि ती सोडली तरी तरंगत राहते. रावस हाताळणीला नाजूक, फोटोसाठी दोन मिनिटे बाहेर ठेवला की त्याचे काही खरे नाही. म्हणून ‘सगळे सोडा’ हा नियम रावसाला फारसा वाचवत नाही. त्यापेक्षा दोन मासे मिळाले की गळ गुंडाळणे त्याच्या जास्त हिताचे.

आकाराचा मुद्दा वर आलाच. नर आधी आणि मादी नंतर, अशा जातींसाठी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये जिताड्याला खालची आणि वरची अशी दोन्ही बंधने आहेत: ५८ सेंटीमीटरच्या आतला आणि १२० च्या वरचा ठेवायचा नाही. आपल्याकडे मोठा मासा हाच मानाचा, फोटो त्याचाच. ही सवय रावसाच्या माद्यांवर उठते, असे म्हणायला जागा आहे.

नोंद नावाची गोष्ट

व्हँकुव्हर किंवा सिॲटलला राहणारे मराठी लोक सॅमन-हॅलिबटला जातात तेव्हा परवाना काढतात, दिवसाला किती मासे ठेवायचे त्याची मर्यादा पाळतात आणि ठरावीक माशांची परवान्यावर नोंद करतात. हॅलिबटसाठी अमेरिका आणि कॅनडा यांचा संयुक्त आयोग १९२३ पासून आहे. तिथेही वाद संपलेले नाहीत. सॅमन घटल्यावरून हौशी, व्यावसायिक आणि आदिवासी मासेमार एकमेकांकडे बोट दाखवतातच. पण बोट दाखवताना त्यांच्या हातात आकडे असतात.

आपल्या किनाऱ्यावर हौशी गळासाठी वेगळा परवाना, रोजची मर्यादा किंवा नोंदवही अशी पद्धत नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे अंदाज काढते. जेटीवरून धरलेला रावस त्यात येत नाही. खाडीत भोई बांधवांनी पागाने धरून गावातच विकलेलाही बहुधा येत नाही. परवाना असावा की नाही, यावरही एकमत नाही. काहींना वाटते त्याने शिस्त येईल. काहींना भीती आहे की आज फुकट असलेला किनारा उद्या पावतीचा होईल आणि पहिला त्रास हातात नुसती दोरी असलेल्या स्थानिक पोराला होईल.

स्थानिकांशी संबंध हा एक नाजूक कोपरा आहे. घाटावरून येणारे तेलाचा आणि चहाचा खर्च करतात, होडी घेतात, काही जण नेहमीच्या घरी उतरतात. पण मासेमारीचा परवाना असलेली होडी प्रवासी नेण्यासाठी नसते. लाइफ जॅकेट नसताना पाच जणांना घेऊन मुखाबाहेर जाणारी होडी बुडाली तर जबाबदार कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. मिळालेले मासे किनाऱ्यावरच विकणारे हौशी लोकही आहेत, आणि त्यांच्यावरचा स्थानिकांचा राग समजण्यासारखा आहे. रांज्याच्या काही जाती, करवतमासा आणि महाकाय हेकरू वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, हे अनेकांच्या गावीही नसते. गळाला लागलाच तर दोर कापून सोडणे हाच मार्ग.

अडकलेले धागे

आज तीन गोष्टी अनुत्तरित आहेत. दाभोळच्या खाडीची क्षारता उन्हाळ्यात पोफळी-कोळकेवाडीच्या वीजनिर्मितीबरोबर किती वरखाली होते. करंबवणेच्या वर आणि खाली रावसाची पिल्ले कोणत्या महिन्यांत किती असतात. आणि मुखाशी मिळणाऱ्या रावसांत मोठ्या माद्यांचे प्रमाण काय. पहिल्याचे उत्तर काढायला क्षारतामापक आणि एक उन्हाळा पुरेल. दुसऱ्यासाठी बोकशी लावणाऱ्यांना सोबत घ्यावे लागेल, आणि त्यांना आपले जाळे बंद पडेल ही भीती असेल तर ते येणार नाहीत. तिसऱ्यासाठी लागणारे मासे दर शनिवारी कराड, सातारा आणि सांगलीच्या घरांत शिजतात. साफ करण्याआधी लांबी मोजायची, पोट चिरल्यावर गाभोळी आहे की नाही ते पाहायचे, आणि खाडीचे नाव, तिथी लिहून ठेवायची. वाडियाच्या, विलिंग्डनच्या किंवा यशवंतराव चव्हाणांच्या नावाच्या एखाद्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाने अशा वह्या गोळा करायचे मनावर घेतले, तर दोन-तीन हंगामांत निदान या एका प्रश्नावर अंदाजाने बोलणे थांबेल. लोट्याचा आणि पर्ससीनचा तंटा मात्र त्याने मिटणार नाही.